तिसऱ्या हाकेला ओ

मी मेण वितळवलं, ही चूक होती. चुका लॅबमध्ये होतात. पण त्यानंतर एक वाक्य मी बोललो नाही, तो अपराध. "सर, ते मेण जुन्या ब्लॉकांचं होतं," एवढंच ते वाक्य. सहा वर्षं ते माझ्या तोंडात होतं आणि मी त्याच्यासकट जेवलो, झोपलो, माझं लग्न झालं. त्या वाक्यापायी एका बाईची मूत्रपिंडं गेली असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, तेवढं माझं शिक्षण नाही. ती जात होती तेव्हा मी गप्प होतो, एवढं मात्र सांगू शकतो. आणि माझ्या गप्प बसण्यामुळे एका शहाण्या माणसाला अख्खी रत्नागिरी वेडा म्हणाली.

सर पॅथॉलॉजिस्ट होते. सर्जनने काढलेल्या गाठी, आतडी, अपेंडिक्स, सगळं त्यांच्याकडे बरणीतून यायचं. ते कापायचं, मेणात बसवायचं, त्या मेणाच्या ठोकळ्यातून, म्हणजे ब्लॉकमधून, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकती काढायची, रंगवून काचेवर पाहायची आणि आजार कोणता ते लिहून द्यायचं, हा त्यांचा धंदा. अठ्ठ्याण्णव साली मी टेक्निशियन म्हणून लागलो तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. अंगात पांढरा हाफशर्ट, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा, आणि खिशात कायम एक सुपारी. ती खायची नाही. गाठ केवढी होती हे पेशंटला दाखवायला ठेवलेली.

पहिल्या दिवशी मी दारात उभा राहून "सर" म्हटलं. ते चार हातांवर बसले होते, मान वर केली नाही. मी परत हाक मारली. काही नाही. मी खाली येऊन केमिस्टला विचारलं, "बहिरे आहेत का हो?"

केमिस्ट हसला. "तिसरी मारलीस का? नाही ना? मग कसे देतील ओ? पहिल्या दोन हाका कोणाच्या असतात ते कळत नाही म्हणतात म्हातारबुवा."

आमच्याकडे लहानपणी हे सगळ्यांनाच शिकवतात. दिवेलागणीला कुंपणापलीकडून कोणी नावाने हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही, थांबायचं. माणूस असेल तर पुन्हा पुन्हा मारील. जे माणूस नाही ते तिसऱ्यांदा मारत नाही. मोठे झाल्यावर आम्ही हे विसरतो. सर विसरले नव्हते. भर दुपारी, बाजारात, कोणीही असो, दोन हाका वाया जाऊ द्यायचे. फोनचंही तेच. दोनदा वाजून बंद पडू द्यायचा, तिसऱ्यांदा वाजला की उचलायचा. अर्धे सर्जन एवढ्यानेच त्यांच्यावर खार खाऊन असायचे.

लॅबच्या मागे चिऱ्याच्या भिंतींची एक थंडगार कोठी होती. तिथे सगळे मेणाचे ब्लॉक ठेवलेले, आंब्याच्या जुन्या खोक्यांत. खोक्यांवर पेशंटचं नाव नाही, गावाचं नाव आणि साल. जयगड ८७. पावस ९१. आत शिरलं की मेणाचा आणि कुजक्या आंबा-पेंढ्याचा मिसळलेला वास यायचा. संध्याकाळी दिवे लावताना सर कोठीत डोकावून म्हणायचे, "दिवे लागले." मी एकदा विचारलं, कोणाला सांगता? ते म्हणाले, "त्यातले निम्मे लोक वारले. त्यांचं एवढंच आहे इथे. सांगायला काय जातं?"

दुसरी एक विचित्र पद्धत होती. ज्या गाठीचं निदान त्यांच्या मनाला पटलेलं नसेल, तिचा ब्लॉक ते चालू सालच्या खोक्यात ठेवत नसत. जुन्यांच्या खोक्यात ठेवत, त्याच गावच्या. "ही अजून बोलते आहे," म्हणायचे. "हिला गप्प झालेल्यांच्या सोबतीला ठेवू. काही कळलं तर तेच सांगतील." मी हे बाहेर चहाच्या टपरीवर रंगवून सांगायचो. लोक हसायचे. मीही हसायचो.

झुलेखाबी जयगडकडची. वय तिशीचं, नवरा मस्कतला. सोबत दीर होता. सकाळी उठली की चेहरा सुजलेला, संध्याकाळपर्यंत सूज पायांत उतरलेली. महिनोन्महिने बारीक ताप. गळ्याच्या डाव्या बाजूला गाठ, वरून सुपारीएवढी, पण खाली हाडामागे कुठवर गेली आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. आधीच्या डॉक्टरने टीबीच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. तेव्हा मानेत गाठ म्हटली की टीबी.

लघवीचा नमुना तिने लोणच्याच्या बाटलीतून आणला होता. वर हा फेस. मी म्हटलं, "साबणाने बाटली धुतली की असं होतं. दुसरी आणा."

"मी काय येडी हाय काय रे?" ती म्हणाली. "तीन पाण्यानं धुवलीय. साबूण लावलाच नाय."

सरांनी बाटली माझ्या हातून घेतली, खिडकीत धरली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत उभे राहिले. पाच मिनिटं गेली. फेस तसाच.

"साबणाचा फेस मोडतो," ते म्हणाले. "हा मोडत नाही. हिच्या रक्तातलं प्रोटीन गळतंय." मग तिच्याकडे वळून, "काय गो, आधी काय सुरू झालं, गाठ की सूज?"

"गाठ, डाक्टर. सूज मागनं आली."

"हं," सर म्हणाले, आणि गाठीकडे असं पाहिलं की जणू ती खोलीत आलेली तिसरी व्यक्ती होती.

सर्जनने गाठीचा एक तुकडा काढून पाठवला. सबंध काढायची त्याची हिंमत झाली नाही, कारण एवढ्याशा तुकड्याला भलतंच रक्त गेलं. मी ब्लॉक केला, चकती काढली, रंगवली. वीज गेलेली होती, म्हणून सरांनी आरशाचा जुना मायक्रोस्कोप खिडकीशी घेतला. बराच वेळ पाहिल्यावर त्यांनी मला बोलावलं. मी एरवी चकती नीट बसली आहे का तेवढंच बघणारा. त्या दिवशी पाहिलं आणि विसरलो नाही. कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी वर्तुळं, एकात एक, आणि बाहेरून एक बारीक रक्तवाहिनी सरळ मधोमध घुसलेली. बाहेर ढग सरकत होते. उजेड कमी-जास्त होई तशी ती वर्तुळं श्वास घेतल्यासारखी वाटत होती.

या आजाराला एका परदेशी डॉक्टरचं नाव आहे. फार क्वचित होतो. कॅन्सर नाही, टीबी नाही. सरांचा पुतण्या परदेशातून मासिकं पाठवायचा, त्यांच्या चळतीतून सर आठवडाभर वाचत होते. मग एका दुपारी त्यांनी मला समोर बसवलं. इतर कोणी ऐकणारं नव्हतं म्हणून मला.

"ही गाठ स्वतः फारसं काही करत नाही," ते म्हणाले. "ती हाक मारते. तिच्यातून वाढीचे घटक रक्तात सुटतात. एक ताप आणतो, रक्त कमी करतो. दुसरा रक्तवाहिन्यांना सांगतो, वाढा, सैल व्हा, झिरपा. आजूबाजूच्या वाहिन्या ओ देतात आणि गाठीत घुसतात. ते तू पाहिलंस. म्हणून एवढं रक्त गेलं."

"आणि किडनी?"

"किडनीची चाळणी असते ना, तिथल्या पेशीही हाच घटक थोडाथोडा करतात. शेजारच्या बारीक वाहिन्यांसाठी. घरातल्या घरात हळू आवाजात बोलावं तसं. त्यावरच ती चाळणी धड राहते. आता बाहेरून कोणीतरी रात्रंदिवस ओरडायला लागलं, तर घरातलं बोलणं कोणाला ऐकू येणार? वाहिन्यांची अस्तरं सुजतात. चाळणी फाटते. बारीक गुठळ्या होतात." त्यांनी खिशातली सुपारी टेबलावर ठेवली. "किडनीला कोणी शिकवलंच नाही की पहिल्या हाकेला ओ देऊ नये."

"मग औषध काय?"

"हाक मारणाऱ्याला बाहेर काढायचं. सबंध गाठ. लवकर. चाळणीत जोवर डाग पडलेले नाहीत तोवर ती सावरते. पडले की मग गाठ जाऊनही उपयोग नाही." मग सुपारी परत खिशात टाकत, "यातलं नक्की किती खरं, ते अजून कोणालाच माहीत नाही. पण गाठ आधी आली. ती बाई तसं म्हणाली."

त्यांनी मुंबईला लिहिलं, सोबत रंगवलेली काच पाठवली. छातीत उतरलेली, रक्ताने फुगलेली गाठ काढणं इथे शक्यच नव्हतं. झुलेखाबीला मुंबईला पाठवलं. आणि तिचा ब्लॉक त्यांनी स्वतःच्या हाताने 'जयगड ८७' या खोक्यात ठेवला.

मे महिन्यात मेण संपलं. मागवायचं काम माझं, मी विसरलो होतो. सर बहिणीकडे आंजर्ल्याला गेलेले, दोन-तीन दिवसांत येणार. नमुने साचलेले. दहा वर्षांहून जुने ब्लॉक वितळवून ते मेण पुन्हा वापरायचं, ही आमची जुनी रीत होती, पण सरांच्या देखत. ते एकेक ब्लॉक हातात घेऊन चिठ्ठी वाचायचे आणि मगच "जा" म्हणून भांड्यात सोडायचे. मी हाताला लागलेलं जुनं खोकं उचललं. जयगड ८७. सगळे ब्लॉक एकदम भांड्यात टाकले. मेण पातळ झालं तशा पेन्सिलने आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या वर तरंगून आल्या. मी चिमट्याने त्या उचलून कचऱ्यात टाकल्या, न वाचता. वाचल्या असत्या तर तेव्हाही वेळ होता. तुकडे तळाशी बसले. मेण फडक्यातून गाळून घेतलं आणि फडकं मागच्या खड्ड्यात जाळलं.

ज्या पद्धतीवरून मी टपरीवर लोकांना हसवायचो, ती मला त्या दिवशी आठवली नाही.

पंधरा दिवसांनी मुंबईचं पत्र आलं. काच बघून आमची खात्री होत नाही, मूळ ब्लॉक पाठवा, आम्ही त्यातून नव्या चकत्या काढून आमच्या पद्धतीने रंगवू. गाठीला पुन्हा हात लावायचा तर रक्तस्राव होईल, म्हणून ब्लॉक येईपर्यंत थांबतो. तोवर झुलेखाबी घरी आली होती.

सर कोठीत गेले आणि बाहेर आले. "जयगड सत्त्याऐंशी कुठे आहे रे?"

माझ्या तोंडातून आपसूक निघालं, "वाळवी लागली होती सर. खोकं जाळलं. ब्लॉक दुसऱ्या खोक्यांत भरले, ज्यात जागा होती त्यात."

ते रागावले नाहीत. म्हणाले, "बरं केलंस. चल, शोधू."

महिनाभर आम्ही शोधत होतो. हजारो ब्लॉक. ते एकेक हातात घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून चिठ्ठी वाचायचे, आणि मी समोर बसून तेच करायचो. मी वाचायचं नाटक करत होतो असंही म्हणता येत नाही. मी खरंच वाचायचो. कुठेतरी तो सापडेल असं मला वाटायला लागलं होतं. मुंबईला ते दर आठवड्याला लिहीत, सापडेल, चार दिवस थांबा. मुंबईवाले थांबले. मला कोणी त्या वेळी म्हटलं असतं, की ब्लॉक नाही आहे म्हणून सांगून टाक, ते नवा तुकडा काढतील, उगाच दिवस घालवणार नाहीत, तर मी काय केलं असतं ठाऊक नाही. म्हटलं नाही कोणी.

जुलैमध्ये एका एसटी ड्रायव्हरचं अपेंडिक्स आलं. साधी केस. चकती पाहता पाहता सर थांबले. नुसते थांबले नाहीत. कोणीतरी हाक मारल्यावर थांबायचे तसे मान किंचित तिरकी करून थांबले. मी सेकंद मोजत होतो. बऱ्याच वेळाने म्हणाले, "इकडे ये."

मी डोळा लावला. मध्ये अपेंडिक्स. आणि कडेला, त्याच्यापासून सुटा, मोहरीएवढाही नसलेला एक तुकडा. कांद्याची वर्तुळं. मधोमध घुसलेली एक रक्तवाहिनी.

मी मेण फडक्यातून गाळलं होतं. एवढं बारीक काही फडक्यातून निसटू शकतं, हे त्या क्षणी मला कळत होतं. पण कळून मला धीर आला नाही. मला एवढंच वाटलं, की महिनाभर आम्ही हिला शोधलं, आणि ही आपणहून आली.

"ही तीच आहे," सर म्हणाले. "ड्रायव्हरच्या पोटात कशी आली?"

मी पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"तुला काही सुचतं?"

"नाही सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाले, "कागद लाव मशीनला."

ते पत्र मी टाइप केलं. इंग्रजीत. एका स्त्रीच्या हरवलेल्या गाठीचा अंश एका पुरुषाच्या ब्लॉकमध्ये आढळला आहे, तो कसा आला हे सांगता येत नाही, परंतु ओळखण्यात माझी चूक नाही, ब्लॉक सोबत पाठवत आहे, विलंब न करता गाठ काढावी. 'सांगता येत नाही' या शब्दांवर माझी बोटं थांबली होती. तिथे एक ओळ घातली असती, की मेण जुन्या ब्लॉकांचं होतं, तर ते पत्र कोणत्याही लॅबमधल्या माणसाला पटणारं झालं असतं. अशी सरमिसळ होते, पुस्तकात लिहिलेली आहे. मी ती ओळ घातली नाही. पूर्णविराम दिला.

मुंबईचं उत्तर दोन ओळींचं आलं. एका रुग्णाच्या नमुन्यावरून दुसऱ्याचं निदान करता येणार नाही. आपण प्रकृतीची काळजी घ्यावी, ही विनंती.

ही गोष्ट गावात कशी पसरली माहीत नाही. केमिस्ट मला म्हणाला, "काय रे, तुमच्या म्हाताऱ्याला म्हणे बाईची गाठ बाप्याच्या पोटात दिसली? आता पुढच्या वेळी काय, माझ्या मुतखड्यात मोती?" दुकानातले सगळे हसले. मी हसलो नाही, पण तिथून उठलोही नाही. सर्जन एकेक करून नमुने कोल्हापूरला पाठवायला लागले. कोणी म्हणालं, पूर्वीपासूनच होतं, ते ब्लॉकांना दिवे लागले म्हणून सांगायचे. हे टपरीवर मीच सांगितलेलं होतं.

वर्षभरात लॅब बंद झाली. कोठी रिकामी करायच्या दिवशी सरांनी एकेका खोक्यावर हात ठेवला आणि तेच सांगितलं, दिवे लागले. सकाळचे अकरा वाजले होते.

झुलेखाबीची गाठ शेवटी दिवाळीनंतर निघाली. मुंबईला तिचा नवा तुकडा घेतला गेला, रक्तस्राव झाला, त्यातून ती वाचली, आणि निदान सरांनी लिहिलं होतं तेच निघालं. गाठ काढल्यावर ताप गेला. रक्त भरून आलं. मूत्रपिंडं मात्र सावरली नाहीत. त्यांच्यात डाग पडून गेले होते.

हे मला नंतर तिच्याचकडून कळलं. मी तोवर चिपळूणच्या एका लॅबमध्ये होतो, आणि एका सकाळी रक्ताच्या नळीवर तिचं नाव वाचलं. वरच्या मजल्यावर डायलिसिसची मशीनं होती. ती मंगळवारी आणि शुक्रवारी यायची. दीड वर्ष मी तिच्या रक्तातलं क्रिएटिनिन मोजत राहिलो आणि जिना चढलो नाही. मग एका शुक्रवारी चढलो. ती मशीनला जोडलेली पडून होती, हातावर नळ्या. मी स्टुलावर बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. मशीन फिरत होतं.

"साबणाचा फेस बोलला होतास तोच ना तू?" ती म्हणाली.

"हो."

"वाटलंच." तिने तोंड छताकडे केलं. "माफी मी देईन रे. अल्लाकडं बघून देईन, तुझ्याकडं बघून नाय. पण मला सांगून काय फायदा? त्या डाक्टरला माझ्यापायी लोक येडा बोलले. त्याला जाऊन सांग. जित्ता हाय तवर."

पुढच्या रविवारी मी आंजर्ल्याला गेलो. सर बहिणीच्या घरी राहत होते. ओटीवर आरामखुर्चीत बसले होते, अंगात तोच पांढरा हाफशर्ट. मोतीबिंदूने डोळे दुधाळ झाले होते. बहिणीने माझं नाव सांगितलं.

"ये," ते म्हणाले. "अजून लॅबमध्येच आहेस?"

"हो सर. चिपळूणला."

"मेण कुठलं वापरता?"

"नवंच. पुन्हा वापरत नाही आम्ही."

"हं," ते म्हणाले.

मी खाली पायरीवर बसलो. मी म्हटलं, "सर, ते मेण जुन्या ब्लॉकांचं होतं. झुलेखाबीचा ब्लॉक मी वितळवला. माझं चुकलं. मला माफ करा."

ते समोर पोफळींकडे बघत होते. चेहऱ्यावर काही हललं नाही. कोणी काही बोललंच नाही असे बसून राहिले. बहीण आतून कोकम सरबताचे दोन पेले घेऊन आली, ठेवून गेली. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. मी जरा मोठ्याने पुन्हा सगळं सांगितलं. चिठ्ठ्या न वाचता टाकल्या तेही. पत्रात ओळ घातली नाही तेही. माझं चुकलं सर, मला माफ करा.

काही नाही. वाऱ्याने एक झावळी खाली पडली. त्यांनी मान किंचित तिरकी केलेली मला दिसली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मी उठून त्यांच्यासमोर उभा राहिलो. "सर," मी म्हणालो, "माझं चुकलं. मला माफ करा."

"ओ," सर म्हणाले.